२५ डिसेंबरच्या मंचावर हप्त्याची वही ठेवा

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलेली माणसे परतून दोन दिवस होत नाहीत, तोच आमच्या विहारात पंचवीस तारखेच्या बैठकीचा निरोप येतो. मनुस्मृती दहन दिन, भारतीय स्त्रीमुक्ती दिन. विषय दरवर्षीचेच: मनुस्मृती आणि स्त्री, हिंदू कोड बिल, संविधान आणि महिला. वक्ताही साधारण ठरलेला. यंदा मी एक विषय सुचवला: वस्तीतल्या बायकांवरचे कर्ज आणि घरखर्चाचा हिशोब. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "ताई, हा बचत गटाच्या मीटिंगचा विषय झाला. आपला कार्यक्रम वैचारिक आहे."

दादांच्या वाचनाबद्दल मला आदर आहे. म्हणूनच त्यांना विनंती की मनुस्मृतीचा आठवा अध्याय पुन्हा एकदा काढून पाहावा. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला, त्यात बाईने कोणाच्या ताब्यात राहावे एवढेच लिहिलेले नाही. सावकाराने कोणाकडून किती व्याज घ्यावे, हेही त्यात आहे. १४२ व्या श्लोकात वर्णाप्रमाणे दर दिलेले आहेत. ब्राह्मणाकडून शेकडा दोन, क्षत्रियाकडून तीन, वैश्याकडून चार, शूद्राकडून पाच. दरमहा. पुढे १७७ व्या श्लोकात कर्ज थकले तर काय करायचे ते सांगितले आहे: कर्जदार सावकाराच्या बरोबरीच्या किंवा खालच्या जातीचा असेल तर त्याने अंगमेहनत करून फेडावे, वरच्या जातीचा असेल तर हळूहळू, जमेल तसे द्यावे. आणि आपले पूर्वज? ते या दरपत्रकात येतच नाहीत. चांडाळाची संपत्ती म्हणजे कुत्री आणि गाढवे, असे दहाव्या अध्यायाने आधीच ठरवून टाकले आहे.

तेव्हा व्याजाचा दर हा वैचारिक विषय नाही, असे निदान पंचवीस डिसेंबरला तरी कोणी म्हणू नये.

आज कायदा जात विचारत नाही, तारण विचारतो. पगाराची स्लिप, सातबारा, फ्लॅटचा करारनामा, इन्कम टॅक्सचे रिटर्न. ज्यांच्या आजोबांना जमीन मिळाली नाही, आईला कायम नोकरी मिळाली नाही आणि जे आजही नगरपालिकेच्या जागेवरच्या पत्र्याच्या घरात राहतात, त्यांनी हे कागद कुठून आणायचे? मग त्यांच्यासाठी बिनतारणी कर्जाच्या कंपन्या असतात. त्यांचा दर वर्षाला साधारण बावीस ते सव्वीस टक्के. आता चाळीस हजार रुपयांचे कर्ज दोन वर्षांसाठी घेतले असे धरा. पगारदाराला घरासाठी मिळते तसे साडेआठ टक्क्यांनी मिळाले, तर महिन्याचा हप्ता १,८१८ रुपयांच्या आसपास येतो आणि एकूण व्याज ३,६४० जाते. तेच कर्ज चोवीस टक्क्यांनी घेतले, तर हप्ता २,११५ आणि व्याज १०,७५०. मनूच्या दरपत्रकात सर्वात वरच्या आणि सर्वात खालच्या दरात अडीच पटीचा फरक होता. इथे तो पावणेतीन पट आहे. कोणी म्हणेल, वर्षाला चोवीस म्हणजे महिन्याला दोन, हा तर मनूने ब्राह्मणाला लावलेला दर, म्हणजे आपली बढतीच झाली! हसून घ्या. पण त्याच शहरात, त्याच महिन्यात दुसऱ्याला कोणत्या दराने मिळते, हेही विचारा.

छोटी कर्जे घरोघरी जाऊन वाटायला आणि वसूल करायला खर्च जास्त येतो, असे कंपन्या म्हणतात. ते अगदी खोटे नाही. पण तो खर्च सगळ्यात गरीब बाईनेच का भरायचा, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

अकोल्यातल्या आमच्या वस्तीत एक वहिनी आहेत. त्यांच्या परवानगीने, नाव न लिहिता, त्यांचा नोव्हेंबरचा हिशोब इथे मांडते. त्या चार घरी धुणीभांडी करतात, नवरा बिगारी काम करतो. दोघांचे मिळून महिन्याचे १५,५००. त्यातून पहिल्या कंपनीचा मासिक हप्ता २,११५. दुसऱ्या कंपनीचा दर आठवड्याला ७००, म्हणजे २,८००. एका खासगी सावकाराकडून शेकडा दहाने घेतलेल्या दहा हजारांचे नुसते व्याज १,०००. मोबाइलचा हप्ता १,१५०. एकूण ७,०६५. उरले ८,४३५. घरभाडे २,५००, लाइट बिल ५५०, किराणा आणि गॅस ४,२५०, लहान मुलाची शिकवणी ७००. हातात राहिले ४३५ रुपये. त्यातच दवाखाना, रिक्षा, वही-पेन, आणि एखादा पाहुणा आला तर पाव किलो मटण.

त्याच महिन्यात त्यांच्या दारात पाचशे रुपयांची एक पावती फाडली गेली. ती आमच्या मंडळाची होती, पंचवीस डिसेंबरच्या कार्यक्रमाची. फाडणाऱ्यांत मी होते.

आता नियम पाहा. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२२ पासून सूक्ष्म कर्जासाठी नवे निर्देश लागू केले. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त नसावेत, असे त्यात म्हटले आहे. आधी व्याजावर जी कमाल मर्यादा होती ती याच निर्देशांनी काढली आणि दर ठरवणे कंपनीच्या संचालक मंडळावर सोडले. वहिनींचे हप्ते उत्पन्नाच्या शेकडा पंचेचाळीस-सेहेचाळीस होतात. सावकाराचा हजार रुपया तर कोणत्याही कंपनीच्या नोंदीत नाही. म्हणजे नियमाच्या हिशोबाने या घराची तब्येत उत्तम आहे, अजून थोडे कर्ज झेपेल.

आपल्यातलेच नोकरदार, कॉलनीत राहायला गेलेले बांधव अशा वेळी म्हणतात, "यांना खर्चाची शिस्त नाही. जयंतीत डीजे, लग्नात हुंडा, हातात मोबाइल." डीजेबद्दल माझेही तेच मत आहे आणि ते मी जयंती मंडळात तोंडावर बोलले आहे. लग्नाबद्दल तर बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेतच सांगितले होते की मुले आर्थिकदृष्ट्या सक्षम झाल्याशिवाय त्यांच्यावर लग्नाची जबाबदारी लादू नका. ते आपण ऐकले नाही, हे कबूल. पण वहिनींचे चाळीस हजार डीजेत गेले नाहीत. नवऱ्याचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले, दोन महिने मजुरी बुडाली, त्यात गेले. दुसऱ्या कंपनीचे कर्ज पहिल्या कंपनीचे हप्ते भरायला घेतले. सावकाराचे दहा हजार मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाला लागले, कारण कॉलेजने सांगितले, आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ. या तीनपैकी उधळपट्टी कोणती? आणि ज्या मोबाइलवरून टोमणे मारले जातात, त्याच मोबाइलवर त्या मुलीची शिष्यवृत्तीची माहिती येते.

दुसरी मंडळी रमाईचे उदाहरण देतात. रमाईने गोवऱ्या थापून संसार रेटला, बाबासाहेबांना शिकू दिले, म्हणून तुम्हीही काटकसर करा. मला हे ऐकताना राग येतो. रमाईचे कष्ट आपल्या सगळ्यांच्या डोक्यावरचे ऋण आहे. पण त्या कष्टांची गोष्ट सांगून, ४३५ रुपयांत महिना काढणाऱ्या बाईला आणखी थोडे सोस म्हणायचे, हा रमाईचा सन्मान कसा? तिच्या नवऱ्याने रुपयाच्या प्रश्नावर लंडनमध्ये प्रबंध लिहिला, १९२३ मध्ये तो पुस्तकरूपाने आला. त्या माणसाचे अनुयायी म्हणवणाऱ्यांना घरातल्या रुपयाचा प्रश्न कमी दर्जाचा वाटावा?

धम्माच्या अंगानेही असेच होते. सिगालोवाद सुत्तातले धनाचे चार भाग वर्षावासाच्या प्रवचनात हमखास सांगितले जातात: एक भाग उपभोगाला, दोन कामधंद्यात, चौथा अडचणीसाठी राखून. छान आहे. पण त्याच सुत्तात मालकाने कामगाराला योग्य वेतन द्यावे, आजारपणात त्याची काळजी घ्यावी, हेही सांगितले आहे. ते वाक्य प्रवचनात कधी येत नाही. वहिनींच्या चार मालकिणींपैकी एकीनेही नवऱ्याच्या आजारपणातल्या खाड्यांचे पैसे दिले नाहीत. चौथा भाग राखायचा कशातून? अंगुत्तर निकायात भगवंतांनी अनाथपिंडकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यात ऋणमुक्तीचे सुख आहे. आपण दुःखमुक्तीवर तासभर बोलतो आणि या सुखावर एक मिनिटही बोलत नाही.

गटाच्या कर्जाची खरी मार वेगळीच आहे. एकीने हप्ता चुकवला की बाकीच्यांनी भरायचा. वसुलीवाला साहेब येतो, सगळ्या बायकांना एकीच्या ओट्यावर बसवून ठेवतो आणि पैसे जमा होईपर्यंत कोणाला उठू देत नाही. मग शेजारीणच शेजारणीच्या दारात ओरडते. मागच्या वर्षी आमच्या गल्लीत दोघी याच कारणाने बोलेनाशा झाल्या, आणि त्या दोघी वंदनेला एकाच रांगेत बसायच्या. कर्ज बुडवा, हप्ते भरू नका, असे आमचे काही डावे मित्र सांगतात, तेव्हा मला या दोघी आठवतात. बुडवलेला हप्ता कंपनीच्या अंगावर जायच्या आधी शेजारणीच्या अंगावर येतो. वर क्रेडिट ब्युरोत नाव खराब होते आणि मग राहतो फक्त शेकडा दहावाला.

हिवाळी अधिवेशनावर मोर्चा काढू, असेही बैठकीत कोणी म्हणाले. जरूर काढू, नागपूर लांब नाही. फक्त काय मागायचे ते ठाऊक हवे. कंपन्यांचे व्याज विधानसभा ठरवू शकत नाही. रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला आहे. तो लढा दिल्लीचा आणि रिझर्व्ह बँकेशी. राज्याकडे मागायचे ते दोन गोष्टींसाठी. एक, महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे विनापरवाना सावकारी गुन्हा आहे. जिल्हा उपनिबंधकांनी वस्त्यांत येऊन तक्रारी घ्याव्यात. दुसरे, अनुसूचित जातीच्या महिलांसाठी महिला समृद्धी योजनेतून चार टक्क्यांनी कर्ज मिळते, महात्मा फुले महामंडळामार्फत. चोवीस टक्क्यांवाला एजंट दर आठवड्याला आमच्या ओट्यावर येतो. चार टक्क्यांवाला माणूस महिन्यातून एकदा तरी विहारात येऊ द्या.

पण मोर्चा होईपर्यंत वहिनींनी काय करायचे? बैठकीत मी खजिनदारांची वही मागितली. मागच्या पंचवीस डिसेंबरला मंडप, साउंड, बॅनर, शाली आणि पाहुण्यांच्या गाडीवर मिळून २२,००० खर्च झाले होते. माझे म्हणणे एवढेच की यंदा मंडप नको, विहारातच सतरंजी टाकू. त्यातल्या दहा हजारांनी वहिनींच्या सावकाराची मुद्दल आधी चुकती करू. आठ महिन्यांत त्यांनी आठ हजार व्याज दिले आणि मुद्दल जिथल्या तिथे आहे. तोच हजार रुपया त्यांनी जानेवारीपासून मंडळाला दिला, तर दहा महिन्यांत पूर्ण रक्कम परत येते, व्याज शून्य. तो पैसा मग पुढच्या बाईला. पैसे देताना चार माणसे सोबत न्यायची, पावती लिहून घ्यायची आणि सावकाराकडे ठेवलेला कोरा चेक व सही केलेला स्टॅम्प पेपर हातात आल्याशिवाय उठायचे नाही.

मोबाइलचे तीनच हप्ते राहिलेत. ते संपले की १,१५० मोकळे होतील. कंपनीचा माणूस तेव्हा "टॉप-अप" घेऊन येईल, त्याला नाही म्हणायचे आणि ती रक्कम दुसऱ्या कंपनीत आगाऊ भरायची. सूक्ष्म कर्ज मुदतीआधी फेडले तर दंड लावता येत नाही. कर्जासोबत जबरदस्तीने विमा किंवा वस्तू गळ्यात मारता येत नाही. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करता येत नाही, शिवीगाळ तर नाहीच. उशीर झाला तर दंड थकलेल्या रकमेवरच, सगळ्या कर्जावर नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. हे मी प्रत्येक लोन कार्डाच्या मागे पेनाने लिहून देत फिरते.

बैठकीत मतदान झाले. मंडप रद्द झाला नाही, अर्धा झाला. साउंड राहिले. शाली गेल्या. दहा हजारांचा ठराव चार विरुद्ध सात मतांनी मंजूर झाला, आणि विरोध करणाऱ्या चौघांत ते दादा होते. त्यांनीच नंतर विचारले, हिशोब तपासायला माणसे लागतील ना, माझा नातू बी.कॉम.ला आहे.

तर पंचवीस तारखेला दुपारी दोन वाजता विहारात या. येताना लोन कार्ड, हप्त्याची वही आणि किराणा दुकानातले उधारीचे पुस्तक आणा. सावकाराला चेक दिला असेल तर त्याचा नंबर, आठवत असल्यास. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याजवळ अभ्यासिकेची मुले बसतील. पुरुषांनी बायकोची वही घेऊन येऊ नये, बायकोला घेऊन यावे. आणि अकरावी-बारावीच्या पोरांनी कॅल्क्युलेटर विसरू नका.

जय भीम.