राणीच्या नाटकात दिनकरराव कोठे?

ग्वाल्हेरच्या फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. दर वर्षी जून महिन्यात तेथे मेळा भरतो व राणीच्या चरित्रावर नाट्यप्रयोग होतो. तो पाहून आलेली आमच्या सिटी सेंटरमधील मुलेमुली शाळेच्या रंगमंचावरही राणी उभी करतात. पुठ्ठ्याची तलवार, पाठीशी बांधलेला दामोदर, दोन आवेशाची वाक्ये आणि टाळ्यांचा कडकडाट! मुलांचा हा उत्साह आम्हांस प्रिय आहे. परंतु आम्ही पाहिलेल्या प्रयोगांत ग्वाल्हेर दरबारचे एकही पात्र नव्हते, आणि त्यावाचून ही कथा अर्धीच राहते.

राणी, रावसाहेब पेशवे व तात्या टोपे ग्वाल्हेरवर आले, तेव्हा जयाजीराव शिंदे त्यांच्याशी लढावयास निघाले. १ जून १८५८ रोजी त्यांची बहुतेक फौज प्रतिपक्षास मिळाली व महाराज आग्र्यास निघून गेले. १७ जूनला कोटा-की-सरायच्या लढाईत राणी पडल्या. २० जूनला इंग्रजांनी महाराजांना पुन्हा गादीवर बसविले. या काळात दरबाराचे दिवाण होते दिनकरराव राजवाडे, मूळचे कोकणातील देवरुखचे. आपल्यातील पुष्कळ घराणी याच दरबाराच्या चाकरीनिमित्त इकडे आली. म्हणूनच की काय, हे पात्र वगळणे सर्वांस सोयीचे वाटते!

आमच्या मते दिनकररावांना रंगमंचावर आणावे, आणि खलपुरुष म्हणून आणू नये. इंग्रजांचे बळ त्यांना किती दिसत होते, राज्य बुडण्याचे भय काय होते, हे त्या मुलाने महाराजांपुढे मनापासून मांडावे. पुढल्या प्रवेशात राणीने आपली बाजू रावसाहेबांपुढे मांडावी. ही भाषणे विद्यार्थ्यांनीच पुस्तके चाळून लिहावीत. याने राणीचे तेज उणे होईल, असे काही पालक म्हणतील. परंतु सोयीची वाट समोर दिसल्यावाचून राणीने काय सोडले, हे मुलांना कळणार कसे?

राणीच्या वाट्यासही नुसता आवेश नको. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी ‘माझा प्रवास’मध्ये काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी भेटलेली राणी वर्णिली आहे: धुळीने माखलेली, तहानेने व्याकूळ. भटजी पाणी काढू लागले, तेव्हा त्यांना थांबवून तिने स्वतः पाणी काढले. या प्रवेशास घोडा नको, तलवार नको. एक दोर आणि मातीचे मडके पुरे.