तराजू आणि तह

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी येथे आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या संयुक्त सैन्याचा पराभव केला, हे आपण शाळेत शिकतो. वेलस्ली लढत होता तो लंडनच्या एका व्यापारी कंपनीसाठी, याचा मात्र सहसा विचार होत नाही.

युद्धाआधी तह झाला होता. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला दुसऱ्या बाजीरावाने कंपनीची तैनाती फौज स्वीकारली, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला आणि कंपनीच्या सल्ल्यावाचून अन्य सत्तांशी बोलणी न करण्याचे मान्य केले. पेशव्यांचे परराष्ट्र धोरण त्या दिवशी गहाण पडले. असईला त्याचे व्याज वसूल झाले.

विजयानंतर कंपनीने काय मागितले पाहा. डिसेंबर १८०३ मध्ये देवगावच्या तहाने भोसल्यांकडून कटक आणि सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांकडून भडोच घेतले. भडोच म्हणजे गुजरातच्या कापसाचे बंदर. हा कापूस मुंबईमार्गे चीनला जाई आणि चीनच्या चहाची किंमत चुकवण्यास उपयोगी पडे. फ्रेंचांची धास्ती हेही युद्धाचे कारण होते, हे खरे. पण जमाखर्चाची वही कंपनीने कधी मिटली नाही. युद्धखर्चाने कर्ज फुगताच संचालकांचा रोष ओढवला आणि १८०५ मध्ये आर्थरचा थोरला भाऊ, गव्हर्नर जनरल वेलस्ली, याला मायदेशी परतावे लागले.

दोन शतकांनंतरही तराजू तोच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने रशियन तेलाचे निमित्त करून भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले. शेती आणि दुग्धव्यवसायाची दारे सताड उघडण्यास भारताने नकार दिला, याचा अभिमान वाटलाच पाहिजे. परंतु त्याच महिन्यात कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ झाले आणि ही सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली. निर्यातीला फटका बसलेल्या वस्त्रोद्योगाला स्वस्त कापूस हवा होता. त्याचीही बाजू आहे. पण नेमक्या याच महिन्यांत भोकरदनच्या शेतकऱ्याचा कापूस वेचून बाजारात येतो.

परराष्ट्र धोरणात व्यापारी हित असू नये, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. ते हित कोणाचे, हा खरा प्रश्न आहे. बाजीरावाने गादी राखली आणि राज्य गहाण टाकले. वाटाघाटींत निर्यातदाराच्या शेजारी कापूस पिकवणाऱ्यालाही स्थान मिळाले, तरच त्या हिताला राष्ट्रहित म्हणता येईल.