रणगाड्याच्या नळीतला लाल ठिपका

सहा मिलिमीटर व्यासाची पितळी नळी, एका टोकाला भिंग, दुसऱ्या टोकाला दोन बारीक वायरी. लेझरचा हा तुकडा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अगदी किरकोळ पैशांत मिळतो. पाच व्होल्ट दिले की ६५० नॅनोमीटरचा लाल ठिपका समोरच्या भिंतीवर पडतो. माझा भाचा आणि त्याचे मित्र सध्या हा तुकडा रिमोटवर चालणाऱ्या रणगाड्यात बसवायच्या मागे लागले आहेत. रणगाडा खऱ्याच्या एक सोळांश मापाचा. प्लास्टिकची गोळी मारण्यापेक्षा ठिपक्याने नेम धरायचा, असा त्यांचा बेत.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझ्या एका मित्राचं लेथचं वर्कशॉप आहे. यंत्रमागाचे बुश, पुली, शाफ्ट हे त्याचं रोजचं काम. शेजारच्या शेडमध्ये टेरी टॉवेलचे माग खडखडत असतात, बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागतं. पोरं तिथं गेली, कारण घरी डिंक-चिकटपट्टीने बसवलेला लेझर कधीच नळीच्या रेषेत येत नव्हता. नळी एकीकडे बघायची, ठिपका दुसरीकडे पडायचा. मित्राने तुकडा हातात घेतला, फिरवून पाहिला आणि म्हणाला, ‘‘अरे, याला बुश पाहिजे.’’

त्याने अॅल्युमिनियमचा बुश कातला. लांबी वीस मिलिमीटर. एका टोकाला लेझर पक्का धरलेला, दुसऱ्या टोकाला तिन्ही बाजूंनी तीन मिलिमीटरचे ग्रब स्क्रू. एक सैल करायचा, समोरचे दोन आवळायचे, ठिपका सरकतो. किती सरकतो, याचा हिशेब त्याने फळ्यावर खडूने मांडून दाखवला. स्क्रूच्या आट्यांमधलं अंतर अर्धा मिलिमीटर. पाव फेरा दिला की लेझरचं टोक आठवा भाग मिलिमीटर हलतं. वीस मिलिमीटरवर एवढा फरक, तर पाच मीटर लांबच्या भिंतीवर तीन सेंटिमीटर! मुलांनी पट्टी लावून मोजलं, आणि उत्तर जुळलं तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. समरूप त्रिकोण शाळेत त्यांनी कितीदा तरी सोडवले असतील. तो त्रिकोण स्क्रू ड्रायव्हरने फिरवता येतो, हे त्यांना त्या दुपारी कळलं.

विजेच्या बाजूलाही शिकण्यासारखं पुष्कळ निघालं. रणगाडा चालू केला की ठिपका थरथरायचा. ब्रशच्या मोटरमधून उडणाऱ्या ठिणग्यांचा त्रास वायरीतून लेझरपर्यंत जात होता. मागांची इलेक्ट्रिकची कामं करणाऱ्या एका कारागिराने मोटरच्या दोन टोकांमध्ये १०४ नंबरचा, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सोल्डर केला, ७.२ व्होल्टच्या बॅटरीपुढे पाच व्होल्टचा रेग्युलेटर टाकला आणि थरथर थांबली. वरचा बुरूज गोल फिरत राहिला तर वायरीला पीळ पडून ती तुटते. त्यावर उपाय स्लिप रिंग. मोटर वाइंडिंगवाल्यांना हे शिकवावं लागत नाही.

हा नुसता खेळ म्हणून सोडून देऊ नये. लेझर आणि रणगाडा यांची खरीखुरी गाठ आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात पडली आहे. २२ सप्टेंबर २०२० रोजी नगरच्या के. के. रेंजवर अर्जुन रणगाड्यातून लेझरच्या मार्गदर्शनाने जाणारं रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र डागलं गेलं आणि त्याने तीन किलोमीटरवरचं लक्ष्य टिपलं. १ ऑक्टोबरला त्याहून लांबच्या लक्ष्यावर दुसरी चाचणी झाली. ते घडवलं पुण्याच्या एआरडीई या संस्थेने, पुण्याचीच एचईएमआरएल आणि डेहराडूनची आयआरडीई यांना सोबत घेऊन. लक्ष्यावर लेझर धरून ठेवायचा आणि क्षेपणास्त्राने त्याच्या खुणेवर जायचं, हे त्यामागचं तत्त्व. नेमाची रेष ढळू द्यायची नाही, हा धडा वर्कशॉपातल्या पोरांनी त्या बुशावर गिरवलाच आहे. नगरला रणगाड्यांचं संग्रहालयही आहे. सुट्टीत मुलांना तिथं जरूर न्या.

आणखी एक नाव त्यांना सांगायला हवं. डॉ. कुमार पटेल. जन्म बारामतीचा, १९३८ सालचा. अभियांत्रिकीचं शिक्षण पुण्याच्या सीओईपीत. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर शोधला. आज फलक आणि ट्रॉफ्या बनवणारे ज्या यंत्राने अॅक्रिलिक कापतात, त्यात बहुधा हाच लेझर असतो. पोरांच्या रणगाड्याची नवी अॅक्रिलिकची चेसिसही त्यावरच कापून आली.

आता काळजीचं बोलतो, आणि ते मनापासून बोलतो. रणगाडा जमिनीवर असतो, किरण घोट्याच्या उंचीवरून जातो, मग भीती कसली, असं मोठ्यांना वाटतं. पण मुलं रणगाडा उभ्याने चालवत नाहीत. ती फरशीवर पालथी पडतात, गाल जमिनीला लावून थेट नळीसमोर बघतात. बाजारातला साधा तुकडा पाच मिलिवॅटचा म्हणून विकला जातो, आणि त्यातला एखादा त्याहूनही जास्त ताकद टाकतो. २०२३ च्या गणेश विसर्जनानंतर नाशिकच्या काही तरुणांच्या डोळ्यांचे पडदे लेझरने भाजले होते. ते दिवे खेळण्यातल्यापेक्षा कितीतरी ताकदवान. डोळा मात्र तोच, नाजूक.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मुलांना एकमेकांच्या रणगाड्यांशी लढायचं असेल, तर लेझर नकोच. इन्फ्रारेड एलईडी वापरा. टामिया कंपनीच्या लढाऊ रणगाड्यांत तीच पद्धत आहे आणि खेळाची मजा तसूभरही कमी होत नाही. भर उन्हात लाल ठिपका तसाही दिसत नाही. लेझर ठेवायचा तो फक्त नेमबाजीसाठी, भिंतीकडे तोंड करून, एका मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली. लक्ष्याच्या मागे जुना गडद टेरी टॉवेल टांगा. त्याच्या लूपमध्ये प्रकाश विखरून जातो, आरशासारखा परत डोळ्यांवर येत नाही. सोलापुरात टॉवेलला तोटा नाही.

एमआयडीसीतल्या कारखानदारांना एक विनंती. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी तासभर वर्कशॉपचं दार शाळकरी पोरांना उघडं ठेवा. लेथला हात लावू देऊ नका, पण बुश कसा कातला जातो ते शेजारी उभं राहून बघू द्या. आणि पालकहो, लेझर विकत घेताना त्यावरचं स्टिकर वाचा. एक मिलिवॅटच्या आतला, ‘क्लास २’ लिहिलेला नसेल, तर तो दुकानातच राहू द्या.