आधी शटर, मग ध्यान

बॅचमध्ये हमखास विचारतात, "सर, ध्यानाला बसलो की झोपच येते!" अहो, येणारच. मीही गंगापूर रोडवरचं दुकान रात्री दहाला बंद करून अकराला जेवायचो, एकपर्यंत मोबाईल, आणि पहाटे पाचला ध्यान! पतंजलींच्या अष्टांग योगात ध्यान सातवं आहे. यम, नियम, आसन, प्राणायाम वगैरे सहा अंगं त्याच्या आधी. गीतेचा सहावा अध्यायही खाणं-झोपणं बेताचं ठेवा म्हणतो; उपाशी राहा, जागरण करा असं नाही. आपल्याला मात्र थेट सातवीत ॲडमिशन हवी. आता मी नऊला शटर ओढतो. शेवटच्या तासाची गिऱ्हाइकं गेली, त्यावरून घरी बोलणीही खाल्ली. पण सकाळी सोमेश्वरपर्यंत चालून आलो की दहा मिनिटं बसणं जमतं, डुलकी न घेता.