नंबर गेला, खड्डे राहिले

शेतकरी बंधूंनो, तुमच्या शिवारातून जाणाऱ्या रस्त्यावरचा किलोमीटरचा दगड बघा. माथा पिवळा असला तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असला तर राज्यमार्ग. दुरुस्ती कोणी करायची, पैसा कुठल्या खात्यातून यायचा, ते या रंगावर ठरतं.

रस्त्यांची ही उतरंड १९४३ च्या नागपूर योजनेची. पुढे १९५५ च्या मुंबई महामार्ग अधिनियमाने राज्यमार्ग जाहीर करण्याचा अधिकार राज्य सरकारला मिळाला. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. आज राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग बांधकाम खात्याकडे आहेत. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेच्या गळ्यात, अन् तिची तिजोरी कशी असते ते तुम्हाला सांगायला नको.

हा दर्जा किती कच्चा असतो ते २०१७ साली दिसलं. महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दारूची दुकाने बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला होता. दुकाने हलवण्यापेक्षा रस्त्याचं नावच बदलणं सोपं, असं काही राज्यांना वाटलं. आपल्याकडे जळगाव शहरातले मार्ग महापालिकेकडे वर्ग करण्याचा निर्णय झाला. पाणंद रस्ता नकाशावर चढवायला आपली हयात जाते. इथे महामार्ग उतरवायला काही महिने पुरले!

खेड्यात हेच वळणरस्त्याच्या निमित्ताने होतं. पुणे-नाशिक महामार्गावर मंचर, नारायणगावला बाहेरून रस्ता निघाला, तसा उद्या तुमच्याही गावाला निघेल. मोटारी बाहेरून सुसाट जातील. पण उसाची ट्रॉली, शाळेची पोरं, बाजारचा टेम्पो जुन्याच रस्त्याने अन् जुन्याच पुलावरून जाणार. महाडजवळचा सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, तो तर चालू राष्ट्रीय महामार्गावर होता. मग नंबर गेलेल्या रस्त्यावरच्या पुलाकडे कोण बघणार?

राष्ट्रीय महामार्गातून वगळलेला तुकडा राज्याच्या ताब्यात देताना एकवेळची सुधारणा करून देण्याची तरतूद केंद्राच्या धोरणात आहे. ती मागितल्याशिवाय कोणी घरपोच आणून देत नाही. तेव्हा सरपंच, भाऊसाहेब, हस्तांतराची कुणकुण लागताच ग्रामसभेत ठराव घ्या. अभियंत्यांना बोलावून मोऱ्या, कठडे, साइडपट्ट्या, गटारं समोर उभं राहून तपासा, पंचनामा करा. पुढची देखभाल कुठल्या लेखाशीर्षातून होणार, ते लेखी मागा. अन् हे सगळं ताब्याच्या कागदावर सह्या होण्याआधी.