पट्टी शून्यावरून सरकली की

अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वीच्या चाचणीचे काम एकच असते. पुढचे काही महिने वर्गात आणि कार्यशाळेत जे वाचावे, लिहावे, ऐकून समजून घ्यावे आणि मोजावे लागणार आहे, ते या मुलाला आज कितपत जमते हे शिकवणाऱ्याला कळावे. गुण देणे, यादी लावणे, नापास करणे ही दुसऱ्या परीक्षांची कामे आहेत आणि त्यांचा तुटवडा महाराष्ट्रात कधीच नव्हता.

आयटीआयच्या प्रवेशफेऱ्या उरकत आलेल्या असताना या आठवड्यात एका खासगी आयटीआयची ‘पूर्वज्ञान चाचणी’ पाहण्यात आली. मोबाइलवर भरायचा फॉर्म, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. महाराष्ट्राचा राज्यपक्षी कोणता, संगणकाचे जनक कोण, ‘कौशल्य’ या शब्दाचा समानार्थी शब्द कोणता. मोजमापाचा एकही प्रश्न नाही, अपूर्णांक नाही, वाचून कृती करायची एकही सूचना नाही. फॉर्म पाठवला की पडद्यावर अभिनंदन झळकते. याच संस्थेच्या जाहिरातीत ‘कोणतीही प्रवेश परीक्षा नाही’ ही ओळ सर्वांत मोठ्या अक्षरांत आहे. हरियाल पक्षी ओळखणारे फिटर तयार करायचे असतील, तर चाचणी उत्तम आहे.

मुळात आयटीआयला अशी चाचणी लागते कशाला, असा प्रश्न विचारला जातो. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन या ट्रेडना दहावी उत्तीर्ण मुले येतात. वेल्डर, वायरमन, प्लंबर, सुतारकाम यांना आठवी उत्तीर्णही चालतात. गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवर लागते. दहावीची परीक्षा झालीच आहे, गुणपत्रक हातात आहे, मग पुन्हा तपासायचे काय?

गुणपत्रक काय सांगते आणि काय लपवते, याचा हिशेब या स्तंभात पूर्वी मांडून झाला आहे. गणिताचे ४० आणि ४० गुण लेखी, २० अंतर्गत. अंतर्गत गुण देताना शाळांचा हात किती सैल असतो हे सर्वांना ठाऊक आहे. तिथे २० पैकी २० पडले की उत्तीर्ण व्हायला लेखीत ८० पैकी १५ पुरतात. पुढे टक्केवारी काढताना सहापैकी चांगले पाच विषय धरायचे. वगळला जाणारा सहावा विषय कोणता असतो, हे सांगायला भविष्यवेत्ता लागत नाही. ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ने महाराष्ट्राचे गणित किती बुडवले याचा पुरावा मागणाऱ्यांनी आयटीआयच्या कोणत्याही नव्या तुकडीत जाऊन पाऊण आणि दोन तृतीयांश यांत मोठे कोणते, एवढेच विचारावे. ६८ टक्के मिळवलेल्या दोन मुलांपैकी एकाला वाचता उत्तम येते पण दशांश चिन्ह कळत नाही आणि दुसऱ्याचे नेमके उलटे आहे, ही गोष्ट ६८ या आकड्यात कुठेच दिसत नाही.

दिसते ती एका साध्या पट्टीवर. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणाने २०२३ मध्ये १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींची पाहणी केली. २६ राज्यांतील २८ जिल्हे आणि ३४,७४५ मुले. प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सुमारे २५ टक्क्यांना सफाईने वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे ४३.३ टक्क्यांना जमले. बातम्या झाल्या त्या या दोन आकड्यांच्या. खरा बोलका प्रश्न वेगळाच होता. पट्टीवर ठेवलेल्या वस्तूची लांबी सांगायची. वस्तूचे टोक शून्यावर असताना सुमारे ८५ टक्के मुलांनी बरोबर उत्तर दिले. तीच वस्तू शून्यापासून थोडी सरकवून ठेवली, तेव्हा बरोबर उत्तर देणारे चाळीस टक्क्यांच्या आसपास उरले.

म्हणजे या दोन आकड्यांमधल्या मुलांना पट्टीवरचा आकडा वाचता येत होता, लांबी मोजता येत नव्हती. शेवटच्या आकड्यातून सुरुवातीचा आकडा वजा करायचा असतो, हे त्यांच्यापर्यंत पोहोचलेले नव्हते. फिटरच्या कार्यशाळेत पहिल्या काही आठवड्यांतच स्टील रूलनंतर व्हर्निअर कॅलिपर हातात येते. त्याचे दोन्ही जबडे मिटल्यावर शून्यासमोर शून्य आले नाही, तर ती शून्य त्रुटी असते आणि ती वाचनातून वजा करावी लागते किंवा त्यात मिळवावी लागते. सरकलेल्या पट्टीचाच हा प्रश्न. ज्याला तो घरच्या पट्टीवर सुटला नाही, त्याला ०.०२ मिलिमीटर लघुत्तम मापाच्या उपकरणावर सुटेल, असे मानून निदेशक फळ्यावर सूत्र लिहितात. मुख्य पट्टीवर १२ आणि व्हर्निअरची सातवी रेघ जुळलेली, की वाचन १२.१४ यायला हवे. वहीत १२.७ लिहिणारी मुले दरवर्षी असतात. त्यांना उपकरण कळलेले नाही, अशी नोंद होते. वास्तविक त्यांना दशांशाचे स्थान कळलेले नसते, आणि ते पाचवी-सहावीतच राहून गेलेले असते. पूर्वचाचणी याचसाठी लागते. उशिरा सापडलेला दोष चुकीच्या नावाने नोंदला जातो.

इथे ऑस्ट्रेलियाशी तुलना करणे उपयोगाचे आहे, आणि ती केवळ कौतुकाची नाही. तिथे प्रौढांच्या मूलभूत कौशल्यांसाठी ‘ऑस्ट्रेलियन कोअर स्किल्स फ्रेमवर्क’ हा आराखडा वापरला जातो. शिकण्याची हातोटी, वाचन, लेखन, तोंडी संवाद आणि संख्याज्ञान ही त्यातली पाच कौशल्ये, आणि प्रत्येकाच्या पाच पायऱ्या. एखादा विद्यार्थी वाचनात चौथ्या, लेखनात दुसऱ्या आणि संख्याज्ञानात तिसऱ्या पायरीवर असू शकतो, हे आराखड्याने गृहीतच धरले आहे. त्याची नोंद तशीच उंचसखल ठेवली जाते, सरासरी काढली जात नाही. दुसरीकडे अभ्यासक्रमाच्या घटकांनाही याच पायऱ्या लावून पाहता येतात: हा घटक शिकायला वाचन कोणत्या पायरीचे हवे आणि आकडेमोड कोणत्या. मग दोन नोंदी शेजारी ठेवायच्या आणि अंतर जिथे असेल तिथे मदत द्यायची. महाराष्ट्रात यातला दुसरा भाग कोणी केलाच नाही. फिटरच्या पहिल्या सहामाहीत किती कठीण वाचन करावे लागते, हे कोणत्याही प्राचार्यांना विचारले तर ते पुस्तकाचे नाव सांगतील.

मात्र याच ऑस्ट्रेलियात या व्यवस्थेची लाजिरवाणी फजितीही होऊन गेली आहे. तिथल्या ‘व्हेट फी-हेल्प’ योजनेत व्यवसाय शिक्षणाच्या पदविकांसाठी सरकार विद्यार्थ्याला कर्ज देत असे आणि पैसे थेट संस्थेला मिळत. २००९ मध्ये सुमारे २.६ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर असलेली ही कर्जे २०१५ मध्ये सुमारे २९० कोटींवर गेली. मधल्या काळात दलाल दारोदार फिरले, फुकट लॅपटॉपचे आमिष दाखवले गेले, धड वाचता न येणाऱ्यांची आणि आदिवासी वस्त्यांतल्या लोकांची नावे पदविकांना घातली गेली. वाचनाची आणि आकडेमोडीची चाचणी तेव्हाही कागदोपत्री असेच. पण चाचणी घेणारा आणि फी घेणारा एकच असला की सगळे विद्यार्थी हुशार निघतात. २०१७ च्या १ जानेवारीपासून योजना बदलली. नव्या कर्जासाठी बारावीचे किंवा ठरावीक वरचे प्रमाणपत्र हवे, नसल्यास सरकारमान्य चाचणीत वाचन आणि संख्याज्ञान दोन्हींत तिसरी पायरी हवी. फसवणूक झालेल्या अनेकांची कर्जे पुढे रद्द करावी लागली. आणि १ जुलै २०२५ पासून लागू झालेल्या नव्या मानकांनुसार प्रत्येक प्रशिक्षण संस्थेने प्रवेश देण्यापूर्वी विद्यार्थ्याची भाषा, साक्षरता, संख्याज्ञान आणि डिजिटल साक्षरता पाहायची आहे आणि हा अभ्यासक्रम त्याला झेपेल का याचा सल्ला द्यायचा आहे. तिकडे शिकायला जाणाऱ्या मराठी मुलांचा यातच गोंधळ उडतो. इंग्रजीच्या परीक्षेत चांगला बँड मिळाला म्हणजे झाले, असे एजंट सांगतात; त्या परीक्षेत आकडेमोड नसते, आणि स्वयंपाकाचा अभ्यासक्रम असला तरी चौघांची पाककृती चाळीसांसाठी करताना ती लागतेच.

या दोन टोकांकडे पाहिले की महाराष्ट्रासाठी एक निष्कर्ष निघतो, आणि तो काही सुधारकांना आवडणार नाही. पूर्वचाचणी प्रवेशाला जोडू नये. खासगी आयटीआयला जागा भरायच्या असतात. चाचणीवर जागा अवलंबून ठेवली की ऑस्ट्रेलियातला प्रकार इथे मराठीत होईल, आणि इथे तर त्यासाठी क्लासही निघतील. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. आठवी करून वेल्डिंगला आलेल्या मुलाला अपूर्णांक येत नाहीत म्हणून दारातून परत पाठवायचे, तर त्याने जायचे कुठे? कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून चालू आहे ती अशाच मुलांच्या हाताला काम मिळावे म्हणून. जागा पक्की झाल्यावर आणि ट्रेडचे शिकवणे सुरू होण्याआधी, या मधल्या दिवसांत चाचणी घ्यावी. तिचा निकाल मुलाच्या गुणपत्रकावर कुठेही उमटू नये. सध्या हे दिवस दीपप्रज्वलन, पाहुण्यांची भाषणे आणि शिस्तीच्या सूचना यांत जातात. ते सगळे अर्ध्या दिवसात उरकता येते.

चाचणीत काय असावे, यात फारसे गूढ नाही. वाचनासाठी ट्रेडच्या पुस्तकातलाच एक परिच्छेद. चेन्नईच्या ‘निमी’ या केंद्रीय संस्थेची मराठी पुस्तके आयटीआयत असतातच. परिच्छेद वाचायचा आणि त्यातली कृती क्रमाने सांगायची. लेखनासाठी कामाच्या नोंदवहीतल्या चार ओळी. ऐकण्यासाठी निदेशकांनी एकदाच सांगितलेली तीन पायऱ्यांची सूचना. संख्याज्ञानासाठी सरकवलेली पट्टी, दोन अपूर्णांकांची तुलना, एक गुणोत्तर आणि दशांशाची एक वजाबाकी. चार पर्याय देऊ नयेत. आयटीआयची लेखी परीक्षा आता संगणकावर, बहुपर्यायी प्रश्नांची असते. तिथे अंदाजाने पर्याय निवडणाराही तरून जातो. पूर्वचाचणीत अंदाज चालला तर ती घेण्यात अर्थ नाही.

एका बाबतीत मात्र काळजी घ्यावी लागते. नंदुरबारला घरी भिल्ली बोलणारी, मेळघाटात कोरकू बोलणारी, गडचिरोलीत गोंडी बोलणारी मुले आयटीआयत येतात. त्यांनी मराठी शाळेत वाचलेली असते. त्यांना चार ओळींचे शाब्दिक उदाहरण घातले आणि उत्तर चुकले, तर गणित कच्चे की मराठी, हे सांगता येत नाही. म्हणून संख्याज्ञानाचे प्रश्न वस्तू हातात देऊन, तोंडी आणि लागल्यास मुलाच्या भाषेत समजावून विचारले पाहिजेत, आणि वाचन वेगळे तपासले पाहिजे. आकडेमोडीत पक्का पण मराठी वाचनात अडखळणारा मुलगा ‘कच्चा’ या एकाच रकान्यात टाकला जातो, ही इथली सर्वांत जुनी चूक आहे. टक्केवारीच्या राज्यात वाढलेल्या यंत्रणेला दोन रकाने करणे जड जाते.

शाळांनी याचा थोडा सराव केला आहे. करोनाकाळात राज्याने २०२१ मध्ये ४५ दिवसांचा सेतू अभ्यास राबवला, आणि निपुण भारत अभियानात पहिलीला येणाऱ्या मुलांसाठी तीन महिन्यांचा ‘विद्याप्रवेश’ आहे. दोन्हींची कागदपत्रे नीटनेटकी आहेत. व्यवसाय शिक्षणाकडे तेवढीही नाहीत.

चाचणीनंतर काय करायचे हे आधी ठरलेले नसेल तर ती घेऊ नये, कारण मुलाला फक्त आपण कमी आहोत एवढेच कळते. आयटीआयत ‘वर्कशॉप कॅल्क्युलेशन अँड सायन्स’ हा विषय वेळापत्रकात आधीच आहे. पहिले सहा आठवडे तो चाचणीत निघालेल्या उणिवांवर शिकवावा: दशांशाचा गट वेगळा, अपूर्णांकाचा वेगळा, वाचनाचा वेगळा. एक मूल एका गटात असेल आणि दुसऱ्यात नसेल, हे चालले पाहिजे. सहा आठवड्यांनी तीच पट्टी पुन्हा हातात द्यावी. यात निदेशकांचा वेळ जाईल आणि अभ्यासक्रम मागे पडेल, ही तक्रार अपेक्षित आहे. १२.७ लिहिणाऱ्या मुलाला व्हर्निअर दोन वर्षे पुन्हापुन्हा शिकवण्यात जाणारा वेळ कोणी मोजत नाही, म्हणून ती तक्रार खरी वाटते.

यासाठी शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत, आणि स्टील रूल नसलेली एकही कार्यशाळा त्यांत असणार नाही. या तुकडीचे शिकवणे सुरू होण्यापूर्वी प्राचार्यांनी आपल्या निदेशकांना तिथे बसवावे, एकेका मुलाला बोलवावे आणि पट्टी शून्यावरून सरकवून द्यावी.