ट्रंकेत कुजणारी संस्कृती आणि रिमिक्सचा बाऊ

पेडण्यातल्या एका पोराने गेल्या पावसाळ्यात एक उपद्व्याप केला. आजोबांच्या ट्रंकेत त्याला घुमट आरतीची जुनी कॅसेट सापडली. त्यातला अर्धा मिनिट त्याने उचलला, त्याचा ठेका करून घेतला आणि त्यावर आपलं रॅप चढवलं. गाणं मोबाइलवरून गावभर फिरलं. झालं! देवळाकडच्या चार जाणत्यांनी त्याला बोलावून झापलं. देवाची आरती ती, तिचा असला धिंगाणा? पोरगा बिचारा गप्प. त्याने गाणं काढून टाकलं.

मला त्या जाणत्यांना एकच विचारायचं आहे. तुम्ही ती कॅसेट शेवटची कधी ऐकली होती?

उत्तर मला ठाऊक आहे. कोणीच ऐकली नव्हती. वीस-पंचवीस वर्षं ती ट्रंकेत पडून होती, बुरशी खात होती, तेव्हा संस्कृतीला काही धोका नव्हता. एका पोराने ती बाहेर काढून ऐकली आणि लगेच संस्कृती बुडाली!

या कॅसेटी म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. ऐंशी-नव्वदच्या दशकांत आमच्याकडे घरोघरी टेप आला. डिचोली, पेडणे, म्हापशाच्या बाजारात कोऱ्या कॅसेटी मिळू लागल्या. हौशी माणसं जत्रेला टेप घेऊन जात आणि पेटीवाल्याच्या पायाशी ठेवून देत. दशावतार, गवळण काला, भजन, आरती, शिमग्याचं रोमट, जे मिळेल ते भरून घेत. विक्रीसाठी नव्हे, घरी ऐकायला. त्यामुळे बहुतेक कॅसेटीची एकच प्रत. कुठल्या कंपनीच्या यादीत तिचं नाव नाही, कुठल्या दुकानात ती कधी आली नाही. 'अंडरग्राउंड' म्हणतात ते हेच, नाही का? आमच्याकडे ते खाटेखाली असतं, एवढाच फरक.

दशावताराचं घ्या. तुळशीचं लग्न झालं की तेरेखोलच्या पलीकडून नाटकमंडळ्या येतात आणि पेडण्याच्या गावागावांत रात्री जागतात. या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण कुठली भूमिका घेणार ते ठरतं, बाकी सगळं रंगमंचावर उभ्याउभ्या रचलं जातं. आज राजाने जे भाषण केलं ते उद्या तसंच्या तसं होणार नाही. तेव्हा एखाद्या गाजलेल्या नटाची एखादी रात्र कॅसेटवर राहिली असेल, तर ती कॅसेट हीच पोथी. ती गेली की ती रात्र गेली.

घुमटाचं तर याहून वाईट. जुन्या घुमटावर घोरपडीचं कातडं असायचं. 1972 च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण दिलं, ते योग्यच झालं. आता बकऱ्याचं कातडं चढवतात. 2019 साली घुमटाला राज्याच्या वारसावाद्याचा मान मिळाला. भाषणं झाली, हारतुरे झाले. पण घोरपडीच्या कातड्याचा तो खोल, घुमणारा आवाज आता नव्याने कोणाला काढता येणार नाही. तो उरला असेल तर जुन्या ध्वनिमुद्रणांत. वाद्याला मान आणि आवाजाला वाळवी, असा आमचा हिशेब.

आता रिमिक्सचा बाऊ करणाऱ्यांकडे वळतो. आमची भजनी मंडळं काय करतात? तुकोबांचा अभंग घेतात आणि नाट्यपदाच्या चालीवर बसवतात. ती नाट्यपदं कुठून आली? 'मानापमान' (1911) आणि 'स्वयंवर' (1916) या नाटकांसाठी गोविंदराव टेंबे आणि भास्करबुवा बखले यांनी हिंदुस्थानी बंदिशींच्या चाली मराठी शब्दांना दिल्या. म्हणजे उत्तरेची बंदिश, तिच्यावर मराठी पद, त्या पदाच्या चालीवर अभंग आणि तो गोव्याच्या देवळात! एवढी उचलाउचल पचवलेल्या मंडळींनी अर्ध्या मिनिटाच्या ठेक्यावरून पोराला झापावं?

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात 1973 साली कूल हर्क नावाचा तरुण बहिणीच्या पार्टीत जुन्या तबकड्या वाजवू लागला. गाण्यातला नुसता तालाचा तुकडा लांबवत नेण्याच्या त्याच्या युक्तीतून हिपहॉप उभं राहिलं. दुर्मिळ तबकड्यांसाठी धुळीची खोकी उपसणं हा त्या कलेचाच भाग. आमच्या केसरबाई केरकरांची गोष्टही अशीच आहे. फोंड्याच्या केरीची ही बाई. 1977 मध्ये व्हॉयेजर यानासोबत पाठवायच्या तबकडीसाठी त्यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी निवडली गेली, पण रेकॉर्ड मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात ती सापडली. ते खोकं कोणी उपसलं नसतं तर? गोव्याचा आवाज अंतराळात गेला, तो कोणीतरी टेबलाखाली वाकलं म्हणून.

पण थांबा. रिमिक्सवाल्यांनी इतक्यात टाळ्या वाजवू नयेत. त्यांच्याशीही माझं भांडण आहे.

1969 च्या 'अमेन, ब्रदर' या गाण्यातला सहा-सात सेकंदांचा ड्रमचा तुकडा पुढे हजारो गाण्यांत वापरला गेला. तो वाजवणारा ग्रेगरी कोलमन 2006 मध्ये हलाखीत वारला. त्या तुकड्याच्या मानधनाचा छदामही त्याला मिळाला नाही. 2002 मध्ये अमेरिकेत 'अ‍ॅडिक्टिव्ह' नावाचं गाणं गाजलं. त्यात लताबाईंचा आवाज होता, मंगेशीच्या दीनानाथांच्या मुलीचा, 1981 च्या 'ज्योती' सिनेमातल्या गाण्यातून विचारल्याशिवाय उचललेला. प्रकरण कोर्टात गेलं आणि संगीतकार बप्पी लाहिरींचं नाव छापल्याशिवाय ती सीडी विकू नका, असा हुकूम 2003 मध्ये झाला. बप्पीदांना कोर्ट परवडलं. पेडण्याच्या मृदंगवाल्याला परवडेल? आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 पासून कलाकाराला आपलं नाव लागण्याचा हक्क आहे. पण आपल्याच गावच्या माणसाचं नाव लिहायला कायदा कशाला लागतो? त्या पोराचीही चूक झाली, ती हीच. आरती कोणी म्हटली, घुमट कोणाच्या हातात होतं, हे त्याने कुठेच लिहिलं नव्हतं. त्याबद्दल त्याला कोणी झापलं नाही, कारण ती नावं झापणाऱ्यांनाही आठवत नव्हती!

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. आधी कॅसेट अख्खी उतरवा, मग तिचा तुकडा करा. खर्चाचं रडगाणं नको. चांगल्या दर्जाने, म्हणजे 24 बिट आणि 96 किलोहर्ट्झने उतरवली तरी तासाभराची कॅसेट साधारण दोन जीबीत बसते. साडेचारशे कॅसेटी एका टेराबाइटच्या डिस्कवर मावतील. एका सत्कार समारंभाच्या शाली-श्रीफळांत अशा डिस्का किती येतील याचा हिशेब मंडळांनीच करावा. खरा खर्च वेळेचा. तासाच्या कॅसेटीला तास लागतोच, आणि जवळ बसून आवाज ओळखणारा म्हातारा माणूस लागतो. तो माणूस कॅसेटीपेक्षा लवकर संपतो आहे.

मराठीसाठी आम्ही मोर्चे काढले, ठराव केले, पुढेही करू. पण मराठी आरत्या म्हणणारे, मराठीत रात्रभर राजा-राक्षस उभे करणारे आमचे आवाज ट्रंकेत कुजत असतील, तर राजभाषेची पाटी आम्ही कुठल्या दारावर लावणार आहोत?

चतुर्थीला घर झाडताना ती ट्रंक उघडा. कॅसेटीच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकून कोणी तिच्यावर दुसरं काही भरणार नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती टेपमध्ये घालू नका, जाणकाराला दाखवा. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून आत कोण गातंय ते विचारा आणि कागदावर लिहून ठेवा. तो कागद आणि उतरवलेल्या आवाजाची एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात द्या.

आणि मग ती कॅसेट त्या पोराच्या हातात द्या. तो काय करील ते करू दे. निदान तो ऐकेल तरी.